बाभळीच्या पुढची वाट

विचारतील तेवढंच सांगायचं, जुनं काही उकरून काढायचं नाही, असं मी आत्याला तहसील कचेरीच्या जिन्यात पुन्हा पुन्हा बजावलं होतं. तिनं मान डोलावली. वर गेलो, पुकारा झाला, समोरच्या वकिलानं पहिला प्रश्न विचारला, आणि आत्यानं सगळं जुनं उकरून त्याच्या ओंजळीत घातलं. मी कपाळावर हात मारून घेतला.

मी सोलापुरात वकिली करते. बरीच वर्षं झाली. बार रूममध्ये माझ्या तोंडाला लोक जरा बिचकून असतात, आणि ते बरंच आहे असं माझं मत आहे. वाटण्या, जमिनी, बांधाची भांडणं हे माझं रोजचं काम. कायदा म्हणजे पुस्तकात छापलेलं कलम, पान उघडलं, वाचलं, लावलं, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी माझं कधी जमलं नाही. कलम लिहिलं जात होतं तेव्हा लिहिणाऱ्यासमोर कोण बसलं होतं आणि दाराबाहेर कोण उभं होतं, हे मी आधी विचारते. घरात नवी सून आली की आपण तिचं माहेर विचारतो की नाही? तसंच. कॉलेजात हे मला कुणी शिकवलं असेल तर आठवत नाही. पक्कं कळलं ते आत्याच्या रस्त्याच्या केसमध्ये.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वळसंगच्या पलीकडच्या एका गावात दिलेली. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथं मला अजून जेवायला जायचं असतं. आम्ही बौद्ध. वडिलांना सोलापुरात नोकरी लागली, आम्ही भावंडं शहरात वाढलो, शिकलो. आत्या सासरीच राहिली. तिच्या सासऱ्यांपर्यंत गावची वतनाची कामं त्या घराकडं होती. सांगावे पोचवायचे, सरकारी माणसं आली की त्यांना गावची शिव फिरून दाखवायची, मेलेली जनावरं ओढून न्यायची. त्या कामाच्या बदल्यात जमिनीचा एक तुकडा. पुढं सरकारनं वतनं मोडली, कामं सुटली, आणि तुकडा घराच्या नावावर झाला. आत्याचे यजमान वारले, मुलगा पुण्याला कंपनीत लागला, आणि आत्या एकटीच त्या रानात ज्वारी, तूर, कडेनं थोडी भाजी असं करत राहिली. गुडघे दुखतात म्हणायची आणि रोज रानात जायची.

त्या रानाला जायला दोन वाटा. एक ओढ्यातून, लांबची, दगडाधोंड्यांची. दुसरी सरळ, शेजाऱ्याच्या बांधावरून. ओढ्यावर बंधारा झाला तसं तिथं पाणी तुंबलं आणि पहिली वाट बुडाली. तेव्हापासून आत्या बांधावरून जायला लागली. शेजारचे म्हातारे मालक होते तोवर कुणी चकार शब्द काढला नाही. ते गेले, आणि त्यांच्या मुलानं डाळिंब लावायचं काढलं. एका सकाळी आत्या डोक्यावर पाटी घेऊन गेली तर बांधाच्या तोंडाशी जेसीबीनं चर मारलेला. चांगला कमरेइतका खोल, वर काट्या टाकलेल्या.

ती शेजाऱ्याच्या दारात गेली. तो म्हणाला, "आता झाडं लावलीत काकू, हितनं कुनालाच सोडनार न्हाय." आत्याच्या मुलाला फोन केला तर त्यानं वेगळाच हिशेब मांडला. रस्ता नसलेलं रान ठेवून काय करायचं, दिवाळीला येतो, शेजाऱ्यालाच देऊन टाकू, तू पुण्याला चल. शेजारी घ्यायला टपलेलाच होता. रस्ता नसलेल्या रानाला दुसरं गिऱ्हाईक कुठलं मिळणार?

मग तिनं मला फोन केला. रडली नाही. "वाट मिळंल का न्हाय तेवढं सांग. न्हाय मिळाली तर रान जातंय बघ माजं."

"मिळेल म्हणजे काय, मिळालीच पाहिजे," मी म्हणाले. आणि मला तसं खरंच वाटत होतं.

शेताचा रस्ता अडवला की तहसीलदाराकडं जायचं, हा कायदा इंग्रजांच्या काळातला. शंभरावर वर्षं होऊन गेली त्याला. बांधाच्या भांडणापायी शेतकऱ्यानं दिवाणी कोर्टात म्हातारं होऊ नये म्हणून तेव्हाच्या मामलेदाराला, म्हणजे आजच्या तहसीलदाराला, हा अधिकार दिला. कायदा चांगला आहे, मी त्यावर बरीच भांडणं जिंकलेली आहेत. तो फक्त एकच गोष्ट विचारतो, वहिवाट काय? पूर्वापार, रिवाजानं, तुम्ही कुठून जाता-येता? ती वाट कुणी अडवली असेल तर मोकळी करून देतो, म्हणतो. साधी गोष्ट. बंधारा झाल्यापासून आत्या बांधावरून जात होती, सगळ्या गावानं पाहिलं होतं. त्याच्या मागचं कुणी विचारायला नको, एवढीच माझी इच्छा.

समोरचा वकील माझ्याच वर्गातला. गोडबोल्या. कॉलेजात वर्गणी मागायलाही त्यालाच पुढं करायचे. त्यानं आत्याला बसायला खुर्ची दिली, पाणी विचारलं, आणि मग अगदी मायेनं म्हणाला, "मावशी, बंधारा व्हायच्या आधी रानात कुठनं जायचात?"

"ओढ्यानं," आत्या म्हणाली.

"आणि तुमच्या सासूबाई?"

"ओढ्यानंच."

"आणि त्यांच्या सासूबाई हो?"

"त्या बी ओढ्यानंच की. आमच्या घरच्या बाया समद्या ओढ्यानंच जायच्या."

"बरं बरं," तो म्हणाला आणि माझ्याकडं बघून हसत खाली बसला. तहसीलदारसाहेबांनी ते लिहून घेतलं. पुढचं मला न बोलताच कळत होतं. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट ओढ्याची, बांधाची वाट ही म्हाताऱ्या मालकानं केलेली मेहेरबानी, आणि मेहेरबानी मुलानं काढून घेतली तर त्याला कोण जाब विचारणार? मी पुढची तारीख मागून घेतली आणि आत्याचा हात धरून बाहेर आले.

जिन्यात मी तिला बोलले. चांगली बोलले. "एवढं सांगून ठेवलं होतं तुला! खोटं बोल म्हटलं नव्हतं, पण त्याच्या पुढ्यात सगळं वाढून ठेवायची काय गरज होती?"

"त्यानं इचारलं, म्या सांगितलं. खरं हाय ते." तिनं तोंड फिरवलं आणि तरातरा उतरायला गेली. तेवढ्यात तिच्या जुन्या चपलेचा अंगठा तुटला. ती तशीच पाय ओढत उतरायला लागली, ते बघून माझा राग निम्म्यावर आला. रिक्षा केली आणि तिला नव्या पेठेत चपलांच्या दुकानात नेलं.

नव्या पेठेत तिनं मला आणखी छळलं. ही जड, ही पोरींची, ही घालून मी काय लग्नाला जाऊ? शेवटी एक काळी, मऊ तळव्याची, मागून पट्टा असलेली चप्पल तिला पसंत पडली. पायात घालून ती दुकानात चार पावलं चालली आणि पायांकडं बघत थांबली. मी विचारलं, लागती का? तर नाही म्हणाली. चप्पल काढून परत डब्यात ठेवली, डबा पिशवीत, पिशवी मांडीवर. आम्ही कोपऱ्यावरच्या रसवंतीत बसलो.

रसाचा पेला पुढ्यात आला तरी तिचं लक्ष पिशवीतच. आणि मला तिचं कचेरीतलं बोलणं सलत होतं. आमच्या घरच्या बाया समद्या, ती म्हणाली होती. फक्त बाया?

"आत्या, सरळ वाट असताना ओढ्यानं का गं जायचात तुम्ही? आणि घरचे पुरुष कुठून जायचे?"

"पुरुष बांधावरनंच. गावचं काम असलं की. कुनाचा बैल मेला, बांधावरनंच ओढून न्यायचा. पलीकडच्या गावाला सांगावा न्यायचा, बांधावरनंच. गावच्या कामाला ती वाट चालायची की. आपल्या घरच्या कामाला न्हाय चालायची."

"का गं नाही चालायची?" मी पेला खाली ठेवून विचारलं.

मग तिनं सांगितलं. माझ्याकडं न बघता, रस्त्यावरच्या गर्दीकडं बघत. वतन मोडलं, गावची कामं सुटली, रान नावावर झालं, तेव्हाची गोष्ट. आत्या अजून त्या घरात यायची होती. तिची सासू म्हणाली, आता आपण रानाचे मालक, आता सरळ वाटंनं जायचं. तिनं आयुष्यातली पहिली चप्पल घेतली. ती घालून, डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन बांधावरून निघाली. मधे एक बाभूळ आहे, तिथं आत्ताच्या शेजाऱ्याचा आजा उभा होता. त्यानं तिला चप्पल काढायला लावली. तिनं काढली. मग म्हणाला, आता घे हातात आणि आली तशी माघारी फीर, तुमची वाट ओढ्यातनं. सासू माघारी फिरली. त्या दिवसापासून बंधारा होईपर्यंत घरातली कुठलीच बाई बांधावर गेली नाही.

"मला एकदाच बोलली," आत्या म्हणाली. "मी नवी चप्पल घालून रानात निगाले तवा. म्हनली, ओढ्यानं जा गं बाई, त्या बाभळीपाशी जाऊ नको. का म्हनून इचारलं तवा सांगितलं. फुडं मरूस्तवर कदी त्वांडातनं काडलं न्हाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आणि खरं सांगते, त्याच क्षणी डोक्यात केसही जुळायला लागली, वकिलाची जात! "अगं मग हेच बोलायचं ना तिथं! हेच तर पाहिजे आपल्याला!"

"त्या कारकुनाम्होरं? सासूची अब्रू काडू चारचौगात? हातात चप्पल घिऊन माघारी आली म्हनून सांगू?"

"अब्रू तिची गेली का त्या आज्याची गेली?"

"तुला काय कळतंय."

"आत्या, हे नाही बोललीस तर रान जाईल."

"जाऊ दे मग," ती म्हणाली, आणि रस पिऊन टाकला.

नव्या पेठेच्या गर्दीतून आम्ही स्टँडच्या रिक्षापर्यंत एकमेकींशी न बोलता चालत गेलो. तिला एसटीत बसवलं. खिडकीतून तिनं हातही केला नाही. मला तिचा इतका राग आला होता आणि इतकी दया येत होती की बार रूममध्ये परत आल्यावर मी दोघातिघांवर विनाकारण खेकसले.

पण डोकं थांबलं नव्हतं. वहिवाट हा शब्द कायद्यात आला कुठून? इंग्रज साहेब गावात आला, चावडीत बसला आणि म्हणाला, तुमच्या गावचा रिवाज काय तो सांगा. चावडीत बसलेल्यांनी सांगितला. आत्याच्या सासरची माणसं तिथंच असणार, दाराबाहेर, साहेबाच्या घोड्याला पाणी दाखवत. त्यांना कुणी विचारलं नाही. आत बसलेल्यांनी सांगितलं तो रिवाज झाला, आणि रिवाजाचा कायदा झाला. इथपर्यंतचा इतिहास समोरच्या वकिलाच्या बाजूचा. पण इतिहास तिथं थांबला थोडाच? पुढं घटना आली. तिनं अस्पृश्यता मोडली, आणि माणसाचे मूळ हक्क मारणारा कुठलाही जुना रिवाज रद्द, असं सांगितलं. रस्त्याचा कायदा जुनाच राहिला, पण त्यातला वहिवाट हा शब्द आता घटनेच्या उजेडात वाचावा लागणार. बाभळीपाशी आज्यानं आत्याच्या सासूला फिरवलं तेव्हा घटना येऊन वर्षं लोटली होती. कायदा सोलापूरपर्यंत आलेला होता, त्या बाभळीपर्यंत पोचला नव्हता, एवढंच. मग धाकानं पडलेल्या वाटेला वहिवाट म्हणायचं आणि तिचा फायदा धाक घालणाऱ्याच्याच नातवाला द्यायचा, हे कुठल्या कायद्यात बसतं?

हे सगळं मला चोख दिसत होतं. फक्त ते सांगणारं माणूस तोंड मिटून बसलं होतं. मी स्थळपाहणीचा अर्ज दिला, म्हणजे साहेबांनी स्वतः येऊन जागा बघावी. तो मंजूर झाला. आत्याला फोन करून एवढंच म्हणाले, "तू नुसती ये. बोलू नको. मी बघते काय ते."

"येते," ती म्हणाली. "पन मला बोलाय लावू नको."

स्थळपाहणीच्या दिवशी ऊन मरणाचं. तहसीलदारसाहेब बाहेरच्या जिल्ह्यातले, तरुण, घड्याळाकडं बघणारे. सोबत तलाठी. माझा वर्गमित्र गॉगल लावून. शेजारी डाळिंबाच्या रोपांपाशी हाताची घडी घालून उभा, आणि त्याची म्हातारी आई सावलीला पोत्यावर बसलेली. आम्ही चराला वळसा घालून आत गेलो, बांधावरून चालत बाभळीपर्यंत आलो. बाभूळ अजून होती, अर्धी वाळलेली, अर्धी हिरवी. आत्या सगळ्यांच्या मागं, तीच तुटलेली चप्पल सुतळीनं बांधून.

साहेब म्हणाले, "मॅडम, जागा बघितली. ओढ्यात पाणी आहे, हेही बघितलं. पण जुनी वहिवाट ओढ्याची, असं तुमच्याच पक्षकार सांगतात. मी पुराव्यावर निकाल द्यायचा का इतिहासावर?"

"साहेब, वहिवाट काय असं विचारणं म्हणजेच इतिहास विचारणं," मी म्हणाले. "अर्धा विचारलात, आता पुरा विचारा. बाया ओढ्यानं जायच्या हे लिहून घेतलंत, का जायच्या ते कुणीच विचारलं नाही. या घरचे पुरुष गावचं काम असलं की याच बांधावरून जायचे."

माझा वर्गमित्र पुढं झाला. "ते नोकर म्हणून, साहेब. हक्क म्हणून नव्हे. आणि जुन्या गोष्टी उगाळून आज काय मिळणार? आज तर सगळे गुण्यागोविंदानं राहतात इथं."

"गुण्यागोविंदानं राहतात तर चर कशाला मारला रे?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "साहेब, काम असलं की वाट मोकळी, काम संपलं की वाट बंद, याला रिवाज म्हणायचं का? ज्यांना सरळ वाटेनं जाऊ दिलं नाही, त्यांनाच तुम्ही विचारणार, की सरळ वाटेनं गेल्याचा पुरावा दाखवा?"

"जाऊ दिलं नाही, हे कोण म्हणतं?" साहेबांनी विचारलं.

मी आत्याला शब्द दिला होता. पुढचं वाक्य जिभेवर होतं आणि ते माझं नव्हतं.

"म्या म्हनते," आत्या मागून म्हणाली.

ती पुढं आली आणि बाभळीच्या बुंध्याला हात लावून उभी राहिली. तिनं सगळं सांगितलं, चपलेसकट. मधे कुठं थांबली नाही. शेवटी म्हणाली, "सासू माजी लई तोऱ्याची बाई हुती. तिनं काय चोरी केली न्हवती. हितनं म्होरं तिचंच रान हुतं."

"खोटं हाय!" शेजारी ओरडला. "माजा आजा असला न्हवता!"

"व्हता," त्याची आई म्हणाली.

सगळ्यांच्या माना वळल्या. त्यांच्या घरात कानडी चालते. तो चिडून म्हणाला, "अव्वा, सुम्मनिरु!" गप बस म्हणत होता आईला.

"का म्हनून गप बसू?" म्हातारी पोत्यावरून उठलीसुद्धा नाही. "मी त्या साली नवी सून हुते. हितंच, झाडाखाली, मामंजींना भाकरी घिऊन आले हुते. माज्या डोळ्याम्होरं फिरवलं त्यांनी तिला. ती काय बोलली न्हाय. माज्याकडं बगितलं तिनं, म्या खाली मान घातली. तुज्या बापाला ह्ये ठावं हुतं, म्हनून तो जिता हुता तवर हिला कदी अडवलं न्हाय त्यानं. तुला कुनी सांगितलं न्हाय, ही आमची चूक."

शेजारी डाळिंबाच्या रोपांकडं बघत राहिला. माझ्या वर्गमित्रानं गॉगल काढून पुसला आणि परत घातला. साहेब घड्याळ विसरले होते. त्यांनी तलाठ्याला दोघींचा जबाब तिथंच लिहायला सांगितला आणि दोघींना वाचून दाखवला. आत्याच्या डोळ्याला पाणी होतं. मी तिला जवळ घ्यायला गेले तर तिनं मला कोपरानं ढकललं. "लोकं हायत की," म्हणाली.

निकाल आला. मी तो कचेरीच्या पायरीवरच उभी राहून वाचला, मग परत वाचला. चर बुजवावा, बांधावरून बैलगाडीला पुरेल एवढी वाट मोकळी ठेवावी. आणि त्याच्या वर कारण लिहिलं होतं. या घरातल्या स्त्रिया ओढ्यातून जात होत्या तो त्यांच्या मर्जीचा भाग नव्हता, सबब ओढ्याची वाट ही त्यांची वहिवाट धरता येत नाही. केवढं साधं सरकारी वाक्य! पण ते मी तिथंच तिसऱ्यांदा वाचलं. चावडीच्या दाराबाहेर उभ्या राहिलेल्यांना कुणीतरी शेवटी आत बोलावून विचारलं होतं, आणि त्यांचं म्हणणं कायद्याच्या कागदावर चढलं होतं. कायदा असाच वाढतो, असं मी तेव्हापासून छातीठोकपणे सांगते. दिल्लीत वाढतो, मुंबईत वाढतो, आणि एखाद्या बाभळीखालीही वाढतो. मला कुणी यावर वाद घालायला आलं तर मी तयार आहे.

शेजारी या निकालाविरुद्ध वर प्रांताकडं गेला नाही. आईनं जाऊ दिलं नाही, असं पुढं कळलं. आत्यानं मुलाला फोन केला. "दिवाळीला ये," म्हणाली, "पन नुसता जेवाय ये. कागद-बिगद आनू नको."

चर बुजवला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावात गेले. आत्या तयार होती. पायात नव्या पेठेतली काळी चप्पल, आज पहिल्यांदाच. डोक्यावर पाटी. आम्ही दोघी निघालो. बांधाच्या तोंडाशी, जिथं भराव टाकला होता, तिथं ती थांबली, वाकली, आणि चप्पल काढून हातात घेतली.

माझं डोकंच फिरलं. "आत्या! घाल आधी ती पायात! एवढं भांडलो ते कशासाठी? निकाल आहे हातात! कुणाच्या बापाची भीती आहे तुला आता? घटना येऊन इतकी वर्षं झाली आणि अजून तू..."

ती शांतपणे ऐकून घेत होती. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाली, "झालं तुजं भाषान? भरावाची माती वली हाय. नवी चप्पल, तू घिऊन दिल्याली. चिखलात घालू व्हय? सदान्‌कदा कोर्टात असल्यागत बोलती मेली."

मी खो खो हसत सुटले. तीही हसली. मग मीही माझे सँडल काढले, आणि आम्ही दोघी अनवाणी त्या ओल्या मातीतून पुढं निघालो. ती पुढं, मी मागं. डाळिंबाला पाणी दिलेलं होतं, बांधावरही ओल उतरली होती, पाय घोट्यापर्यंत भरले. ती तुरीचं बोलत होती, शेंगा धरल्यात म्हणत होती.

बाभळीपाशी आल्यावर ती थांबली. हातातली चप्पल तिनं खाली ठेवली, जोडीनं, सरळ. एका हातानं पाटी सावरली, दुसऱ्या हातानं बुंधा धरला, आणि चिखलानं भरलेला पाय चपलेत घातला. मग दुसरा.

"अगं, इथंही चिखल आहे की," मी म्हणाले. "खराब होईल."

"होऊ दे," आत्या म्हणाली. "तिनं हितं काडली हुती."

तिनं वाकून पट्टा लावला, आणि बाभळीच्या पुढं चालायला लागली.